बाबांना वास येईनासा झाला

१४ जानेवारी
एव्हासिओकाका खालच्या उतारावरून बाटली घेऊन आले. त्यांची बारबेरा वाइन पिंपातून काढून बाटल्यांत भरायची की नाही, हे दर हिवाळ्यात बाबा चाखून सांगतात. चाळीस वर्षांचा रिवाज.

बाबांनी पेला फिरवला, नाकाशी धरला. "चेरी. मागून जराशी मिरी. भरून टाक."

मी पेला उचलला. ओल्या पुठ्ठ्याचा वास – पिंपात बुरशी! बाबांकडे पाहिलं. ते दुसरा घोट घेत होते.

१५ जानेवारी
काकांना त्यांच्या दारातच गाठलं. "भरू नका. पिंप खराब झालंय."

"आणि तुझ्या बापाला, सेकोंदोला, कळलं नाही?" हसत होते. मग हसू मावळलं. "एर्मिनिया, कधीपासून गं?"



१८ जानेवारी
मी काकांना सांगितल्याचं बाबांना कळलंच. जेवताना ताट सरकवलं. "सांग गावभर. म्हाताऱ्याचं नाक गेलं म्हणून."

मी ताट परत त्यांच्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "त्या नोव्हेंबरच्या तापानंतर कसलाच वास येत नाही. परवा कॉफी करपली. धूर दिसला तेव्हा समजलं."

त्याच तापात आई गेली. हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

२ फेब्रुवारी
आता चव मी घेते, बाबा विचारतात. आज आमचा बारोलो, आठ वर्षांचा.

"फुलं," मी म्हटलं.

"फुलं काय? लग्नातली की थडग्यावरची?"

"गुलाब. वाळलेला. मागे डांबर – उन्हात तापलेल्या रस्त्याचं."

"तोंडात?"

"तुरट. हिरड्या आवळून धरतो. मग हळूहळू सोडतो."

त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. "तुरटपणा तेवढा लागतो. बाकी पाणी."

मी उगाच पेले पुसत बसले.

१० फेब्रुवारी
धुकं. दोल्चेत्तो वाइनची चार पिंपं चाखली.

१६ फेब्रुवारी
बाबा आईची करडी शाल घेऊन तळघरात आले. "देल्फिनाचा वास येतो का गं हिला अजून?"

नाकाशी धरली. कपाटाच्या लाकडाचा वास, बस.

"येतो," म्हटलं.

"सांग मग. वाइनचं सांगतेस तसं."

डोळे मिटले. चुलीचा धूर. लसूण सोललेले हात. रविवारी चर्चला जाताना मानेवर लावायची ते लव्हेंडरचं पाणी. लहानपणी मला ताप आला की तिच्या कुशीत यायचा तो उबदार, पिठासारखा वास – आणि तिथेच रडू फुटलं. दफनानंतर पहिल्यांदाच. बाबा डोक्यावरून हात फिरवत राहिले. "अजून सांग."

२३ फेब्रुवारी
रोज शाल आणतात. मी रोज खोटं बोलते. आज तर सांगितलं – द्राक्षं तोडताना आई गाणं म्हणायची आणि मध्येच शब्द विसरायची. त्याला कसला आलाय वास? पण ते ऐकत बसले. तास गेला.

मनाला लागतं. ज्यांनी खरा वास ओळखायला शिकवलं, त्यांनाच फसवते आहे.

१ मार्च
एव्हासिओकाकांना सगळं सांगून टाकलं.

"वास कसा येणार, पोरी? दफनाच्या दुसऱ्या दिवशी सेकोंदोनंच धुतली ती, आमच्या हौदावर. मी पिळायला हात लावला." मग म्हणाले, "जानेवारीत भेटला तेव्हा म्हणत होता, एर्मिनिया आईचं नावच काढत नाही. कसं बोलतं करू हिला?"