कोरड्या आडाची बोली

औरंगाबाद, १२ एप्रिल १९८७

ती. अंबिकाआत्यास, श्रीरंगचा शि. सा. न. वि. वि.

घर सापडलं. सिडकोच्या अलीकडं, दोन खोल्या, अंगणात आड. मालक तात्यासाहेब मुलाकडं पुण्याला निघालेत. मी पाहिलं तेव्हा आडात पाणी चांगलं वर होतं. या दुष्काळात नवलच!

एक गोष्ट मात्र कळवायलाच हवी. त्यांच्या दलालानं मला चहाला नेलं आणि तुझी आत्या कुठवर चढेल ते सांग, आमच्याकडूनही तुला मिळेल, असं सुचवलं. मी उठून आलो. मी तुझा दलाल. तुझा वरचा आकडा माझ्या तोंडून जाणार नाही. तुझ्या लेखी होकाराशिवाय बोलीही लावणार नाही.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा, श्रीरंग

पिशोर, १६ एप्रिल

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता पोळ्या करपल्या. यजमान गेल्यापासून मी दिरांच्या माडीवर राहते. पाहुणा आला की माझं अंथरूण स्वयंपाकघरात. शाळेची नोकरी संपली, आता स्वतःच्या नावाचं दार हवं. तू फार कायदे करतोस बाबा. मालक मागतील ते कबूल कर. घर हातचं गेलं तर दिवाळीचे अनारसे विसर.

तुझी घाईला आलेली, आत्या

औरंगाबाद, २१ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

रागाव, पण आधी हे वाच. काल न कळवता पुन्हा गेलो. आड कोरडा ठणठणीत! शेजारच्या अनवरीबी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, की गिऱ्हाईक यायचं असलं की आडात टँकर ओततात. एरवी मालकच आमच्याकडून कळशी नेतात. दलाल म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आजच इसार द्या. खरं-खोटं तोच जाणे.

माझ्या मते सोडावं. पण राहणार तू, ठरवणारीही तूच. लिहिशील ते शब्दाला शब्द पोचवीन.

श्रीरंग

पिशोर, २५ एप्रिल

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

आधी तुझ्यावरच चिडले, जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मग डोकं थंड झालं. पाणी नाही म्हणून घर सोडायचं, तर यंदा सगळा मुलूखच सोडावा लागेल. आणि परक्याला खरं सांगणारी शेजारीण कुठं मिळते?

बोली अशी ने. आड कोरडा, तेव्हा किंमत उतरवा. मालकानं महापालिकेचा नळ घ्यावा. नळाला पाणी आल्यावरच खरेदीखत. तोवर इसार वकिलाकडं, नळ आला नाही तर परत. यातलं अक्षर गाळू नकोस. नाही म्हणाले तर दुसरं घर शोध. मी माघार घेणार नाही.

आत्या

औरंगाबाद, ३ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

मालकांचा होकार मागंच कळवला होता. बोली वाचून दाखवली तेव्हा दलाल हसला होता. असल्या अटी कुणी घालतं का, म्हणाला. मी टँकरचं नाव काढलं, तशी तात्यासाहेबांनी मान खाली घातली. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

काल नळाला पाणी आलं. मी भरली बादली पाहिली, अनवरीबींनी चव घेऊन पाहिली. त्या विचारत होत्या, मास्तरीणबाई कधी येतात?

सोमवारी खरेदी. सकाळच्या एस्टीनं ये, चष्मा विसरू नकोस. खत स्वतः वाच, अडलं तिथं मला थांबव. मी घाई करतोय असं वाटलं तर माझंही ऐकू नकोस.

भेटीत उरलेलं बोलू. माया असू दे.
तुझा, श्रीरंग