टॉर्च ताता आणि अर्जांचा हार

अप्पा,

आज दुपारी येलवालला एका घरात बसून मी खोटं बोलले. कुणाला तरी ते सांगायला हवं. आईला सांगितलं तर ती आधी जेवलीस का विचारेल, आणि मग सांगायचं राहूनच जाईल. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी डिग्रीच्या पहिल्या वर्षाला होते. मी आता काय काम करते हे तुम्हाला माहीत नाही. कुवेंपुनगरात एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथून आमची बातम्यांची कन्नड वेबसाइट चालते. सकाळी नऊच्या आत मला दिवसाचा गोषवारा टाकायचा असतो. आधी राजकारण: कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या संपादकाला कशाची चिंता वाटते. मग सिनेमा: कुणाचं शूटिंग थांबलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या कटआउटवर चाहत्यांनी दूध ओतलं. आणि सगळ्यात खाली 'हेही घडलं' नावाची चौकट. तिच्यात जगातल्या विचित्र गोष्टी. आमचे सर म्हणतात, लोक आपलं पान खालून वर वाचतात, तेव्हा खालचं नीट कर, वरचं कोण बघतंय. मी मात्र वरच्यासाठी या कामात आले होते. चार लोकांची वेगवेगळी मतं एका पानावर शेजारी ठेवली तर वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येईल, असं मला मुलाखतीत वाटत होतं. तसं मी बोललेही. सर म्हणाले, "वा. उद्यापासून ये."

खरं तर हे काम मी तुमच्याकडूनच शिकले. अजून डोळ्यांपुढे येतं, तुम्ही कडकोळच्या कारखान्यातून पाळी संपवून येता, तेव्हा ऑफिसातला कालचा पेपर तुमच्या डब्याच्या पिशवीत असतो. आई चुलीपाशी नाचणीच्या पिठाचं मुद्दं घोटत असते. तुम्ही दाराला टेकून बसता आणि कन्नड पेपर बघत बघत आम्हाला मराठीत सांगत जाता. आधी मोठी माणसं काय म्हणाली ते. मग आईसाठी सिनेमाचं. आणि शेवटी माझ्यासाठी कोपऱ्यातल्या गमतीच्या बातम्या. पण त्या गमतीला तुमचा एक नियम होता. बातमीतल्या माणसाच्या जागी स्वतःला घालायचं. "काल मी नंजनगूडजवळ विजेच्या खांबावर चढलो," तुम्ही गंभीर आवाजात वाचता, "बायको माहेराहून येईना म्हणून." आई मान वर न करता म्हणते, "चढा की. कोण नको म्हणतंय? उतरताना तेवढं दूध घेऊन या." तुमच्याइतकं जोरात त्यावर कुणीच हसत नाही.

एकदा मी आधीच पेपर ओढून घेतला होता. कुठल्या तरी गावात एका बाईनं पोपट मेला म्हणून गल्लीला तेराव्याचं जेवण घातलं होतं. मी हसून हसून लोळत होते. तुम्ही म्हणालात, "मी घालून वाच." मी वाचायला लागले. माझा पोपट मेला. मी एकटीच राहते. तो मला नावानं हाक मारायचा. तिसऱ्या ओळीपाशी मी वाचायची थांबले. तुम्ही पेपर काढून घेतलात आणि म्हणालात, "आता हस बघू." तुम्ही मला फारसं कधी रागावला नाहीत. त्यामुळे ते एवढंच बोलणं माझ्या लक्षात राहिलं. लक्षात राहिलं, पण कामावर जाताना मी ते घरी ठेवून जात होते.

गेल्या महिन्यात सरांनी एक व्हिडिओ पाठवला. येलवालच्या रस्त्याला एक थिएटर होतं, कधीचंच बंद पडलेलं. त्याच्या गंजलेल्या फाटकासमोर एक म्हातारा उभा आहे, अंगात गेटकीपरचा जुना खाकी कोट, पितळी बटणांचा. हातात टॉर्च. व्हिडिओ काढणारा त्याला कागदाचा एक चिटोरा देतो. म्हातारा तो मधोमध फाडून अर्धा परत देतो आणि टॉर्चनं रस्ता दाखवतो. बस, एवढंच. मी शीर्षक दिलं: "थिएटर बंद, तातांचा शो चालूच." खाली तीन ओळी: येलवालचे हे आजोबा रोज संध्याकाळी सातला बंद थिएटरवर ड्युटीला येतात, त्यांना कुणीतरी सांगा हो, सिनेमा संपला! सरांनी मला पहिल्यांदाच चहा स्वतःच्या हातानं आणून दिला.

त्याच दिवशी पहिल्या भागासाठी मी दुसरं काहीतरी लिहिलं होतं. हुणसूर रस्त्यावरचे दिवे बरेच दिवस बंद आहेत, बसमधून उतरणाऱ्यांना रस्ता ओलांडताना काही दिसत नाही, नगरसेवक एक म्हणतात आणि वीजवाले दुसरंच. सरांनी ते काढायला लावलं. "लाइटच्या बातमीला कोण हात लावतं गं? सुम्ने, गप ठेव बाजूला." मी वाद घातला. सार्वजनिक प्रश्न, आपली जबाबदारी, सगळं बोलले. आणि ते बोलत असताना माझ्यासमोरच्या पडद्यावर त्याच रस्त्यावर, त्याच अंधारात, एक म्हातारा टॉर्च घेऊन उभा होता. दोन्ही बातम्या मीच लिहिल्या होत्या, अप्पा. मला त्या दोन वेगळ्या वाटल्या.

पुढच्या आठवड्यात तो माणूस आमच्या पानावर खालून वर चढत गेला. आधी पोरांनी त्याचं गाणं केलं, टॉर्च ताता, टॉर्च ताता. मग एका नव्या सिनेमाच्या लोकांनी जाहिरातीत तसाच कोट घातलेला नट फाटकासमोर उभा केला. ते मी सिनेमाच्या भागात घेतलं. मग एका सभेत एक पुढारी म्हणाला की विरोधकांची गत त्या टॉर्च तातासारखी झालीय, शो कधीच संपलाय आणि हे अजून तिकीट फाडताहेत. विरोधकांनी उलट म्हटलं की निदान तातांकडे टॉर्च तरी आहे. दोन्ही मतं मी पहिल्या भागात शेजारी-शेजारी ठेवली. वाचणाऱ्यानं स्वतःचं मत बनवावं म्हणून.

लोक गाड्या काढून येलवालला जायला लागले. चिटोरा द्यायचा, फाडून घ्यायचा, फोटो काढायचा. एका संध्याकाळी चारपाच जणांनी टॉर्च हवी म्हणून ओढाओढ केली आणि म्हातारा डांबरावर पडला. खुब्याचं हाड मोडलं. त्याचाही व्हिडिओ आला. तो मी टाकला नाही. टाकला नाही याचा मला एक दिवस अभिमानसुद्धा वाटला.

मग ऑफिसात फोन आला. बाईचा आवाज, शांत. "मी त्यांची मुलगी बोलते. तुमची पहिली बातमी काढा." मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "काढून काय होणार? ते आता सगळीकडे आहे. त्यापेक्षा सोमवारी टाक, टॉर्च ताता, लवकर बरे व्हा. लोकांना बरं वाटेल." मी बाईला म्हणाले, बघते. तिनं पत्ता दिला. "बघायचंच असेल तर इथे येऊन बघा."

आज रविवार. मी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर शिलाई मशीन. मुलगी माझ्याहून थोडी मोठी असेल. आत खाटेवर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. खाकी कोट खिळ्याला होता, त्याचं एक बटण तुटलेलं. तिनं मला बसायला स्टूल दिलं आणि न विचारताच सांगायला लागली. मी ऑफिसातली नक्की कोण, हे विचारणं तिला बहुतेक महत्त्वाचं वाटत नव्हतं.

"मी शहरात गारमेंटमध्ये जाते. येताना साडेसातची बस, स्टॉप त्या थिएटरसमोरच. दिवे गेले त्या आठवड्यात स्टॉपवर एका बाईला गाडीनं उडवलं. तेव्हापासून हे टॉर्च घेऊन यायला लागले. आधी माझ्यासाठीच. मग बाकीच्या बायका म्हणायला लागल्या, ताता, आम्हालाही पोचवा पलीकडे. मग ते सातपासूनच उभे राहायचे."

"आणि कोट?" मी विचारलं.

"थंडी वाजते ना. जाड कोट तोच एक आहे." ती थोडी हसली. "तिकीट फाडलं ते? अय्यो, ती त्यांची जुनी थट्टा. कुणीही कागद दिला की फाडतात. माझं रेशनचं बिलसुद्धा फाडलंय. आयुष्यभर तेच केलंय ना हातांनी."

खाटेवरून आवाज आला, "कोण आलंय?"

"पेपरवाल्या आहेत, अप्पा."

ते वळले नाहीत. "रस्त्यावर आता कोण उभं असतं विचार त्यांना," ते म्हणाले. तीही त्यांना अप्पाच म्हणते.

मग तिनं सांगितलं की कामावर सगळ्या जणी गाणं म्हणतात, आणि ती शिवणं थांबवून प्रत्येकीला सांगते, ते माझे वडील आहेत. रोज सांगते. "एकदा सांगितलं की ती बाई परत म्हणत नाही. पण बायका खूप आहेत." आणि मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्ही लिहिलं का?"

मी म्हणाले, "नाही. ऑफिसात दुसरी एक मुलगी आहे, तिनं."

"तिला सांगा," ती म्हणाली, "एक फोन केला असता तरी कळलं असतं." मग तिनं मला कॉफी दिली आणि मी ती प्यायले.

परत येताना बसमध्ये मी तुमचा नियम लावून पाहिला. थिएटर बंद, माझा शो चालूच. मी रोज संध्याकाळी सातला उभी राहते. मला कुणीतरी सांगा हो. बातमी लिहिताना एवढं करायला मला दहा सेकंद लागले असते. घरी येऊन मी उद्याचा मजकूर लिहिला. त्यात बंद दिवे आहेत, ती बस आहे, जाड कोट आहे. आणि पहिलंच वाक्य असं आहे की टॉर्च तातांची ती बातमी मी कुणाला न विचारता लिहिली होती. खाली माझं नाव घातलंय. सर दहाला येतात, गोषवारा नऊला जातो. त्यानंतर मी त्या बाईला फोन करेन आणि दुसरी मुलगी कुणी नाही हे सांगेन. नोकरी राहील असं वाटत नाही. आईला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. आणि यातल्या कशानंही ते म्हातारे उठून उभे राहणार नाहीत.

पण मी इतकं सहज खोटं कशी बोलले, हे आज मला नवं वाटलं नाही. ते दुसऱ्यांदा होतं.

मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, बारावीत असताना शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहून आपण मराठी बोलतो म्हणून तालुका ऑफिसात तुमच्याकडे दर वेळी नवा कागद मागायचे. दर वेळी अर्ज परत. पाळी बदलून घेऊन तुम्ही पुन्हा जायचात. शेवटी एका सकाळी तुम्ही परत आलेले सगळे अर्ज दाभणानं सुतळीत ओवलेत, तो हार गळ्यात घातलात आणि ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसलात. ओरडला नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात गमतीच्या चौकटीत तुमचा फोटो. "नवरदेव वरातीची वाट बघताना." त्या फोटोमुळे दुपारपर्यंत दाखला हातात आला. माझी पदवी त्या दाखल्यावर झाली, अप्पा.

त्या संध्याकाळी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ताजा पेपर विकत आणलात. दाराला टेकून बसलात, मोठी माणसं काय म्हणाली ते सांगितलंत, सिनेमाचं सांगितलंत. मग त्या चौकटीपाशी आलात आणि वाचलंत: "एक माणूस होता, त्यानं अर्जांचा हार केला." आईचा हात थांबला. "एक माणूस काय? मी म्हणा की," ती म्हणाली. तुम्ही पेपरची घडी घातलीत. आई आजही म्हणते, त्या दिवशी तुम्हाला फार लाज वाटली होती. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

कारण दाखला मिळाल्याबरोबर तुम्ही घरी न जाता कारखान्याच्या कपड्यांतच माझ्या कॉलेजच्या फाटकापाशी आला होतात. मुलींच्या हातात तोच पेपर होता. एकीनं तुमच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे तुझे वडील ना?" मी म्हणाले, "नाही गं. आमच्या ओळखीचे आहेत." तुम्ही चार पावलांवर होतात. तुम्ही ऐकलं की नाही, हे मला माहीत नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुम्ही पुढे येऊन दाखला माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तगोळम्मा." घ्या हो, बाई. माझ्याशी जन्मात मराठीशिवाय न बोललेले तुम्ही, परक्याच्या मुलीशी बोलावं तसं कन्नडमध्ये बोललात आणि निघून गेलात.

एवढं लिहून झालं. हे मी मराठीत लिहिलंय. आई ज्या पुण्याच्या बाईंकडे स्वयंपाक करते, त्यांची पुस्तकं वाचून मी ही अक्षरं शिकले. तुम्ही मराठी बोलायचात, वाचायला तुम्हाला फक्त कन्नड यायचं. मी रोज दिवसभर कन्नडच लिहिते. आज बसतानाही हात आधी कन्नडकडेच गेला होता. मी तो आवरला. कन्नडमध्ये लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं.