पेटीत सापडलेलं

मंगळ., ४ मार्च

पन्नास रोल, हजार नाणी, चांदी शून्य. सलग सातवी पेटी!

बोटं काळी झालीत. मार्लिसने विचारलं, हे लोखंडी सामान जेवायच्या टेबलावरून कधी उठणार. लोखंडी नाही, हे अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे, कागदात गुंडाळलेले रोल आहेत — चौसष्ट साल आणि त्याआधीची नाणी चांदीची, लोकांना कळत नाही, बँकेत भरून टाकतात, आणि बँक मला ती पन्नास सेंटलाच देते — एवढं सांगून होईपर्यंत ती बेसिनकडे वळली होती. म्हणाली, पाठ आहे मला. बस डेपोतून निवृत्त झालास त्या दिवसापासून ऐकतेय.

माणूस घरात बसून दुसरं काय करणार? मार्चमध्ये? मिनेसोटात?

गुरु., ६ मार्च

पाहून झालेली नाणी परत करायला निघालो. जिथून आणली तिथेच दिली तर पुढच्या आठवड्यात तीच माझ्या गळ्यात पडतात, म्हणून दुसऱ्या बँकेत. तिथलं मोजायचं मशीन बंद. तिसऱ्या बँकेत नवीन मुलगी. खातं आहे का? नाही. मग नाही घेता येणार. मी म्हटलं, बाई, हे तुमच्याच देशाचं चलन आहे. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनेही तेच सांगितलं, फक्त हसून.

साडेअकरा किलोची पेटी उचलून बर्फावरून परत गाडीत. घसरलो. पडलो नाही, एवढंच.

शुक्र., ७ मार्च

पाठ.

मंगळ., ११ मार्च

बँकेत माझी पेटी आलीच नाही. काउंटरवरची ब्रिटा म्हणाली, गिऱ्हाइकांनी हाताने बांधलेले चार रोल पडलेत, घेता का? असल्या रोलमध्ये एखादं नाणं हमखास कमी भरतं. तरी नाक मुरडून घेतले.

गाडीतच फोडायला बसलो. तीन रोल कचरा. चौथा फोडला आणि पाहतो तर — साध्या नाण्याच्या कडेला दिसते ती तांब्याची रेघच नाही. एकालाही नाही. वीसच्या वीस पांढरीशुभ्र! फ्रँकलिनच्या छापाची जुनी सात, बाकी सगळी चौसष्ट सालची. मोजायच्या घाईत दोन नाणी सीटखाली गेली. ती काढायला पुढचं सीट सोडवावं लागलं.

मग कागद गोळा करताना पाहिलं. रोलवर पेन्सिलने लिहिलेलं: ल्योना टवाइट, गाव पेलिकन रॅपिड्स, आणि फोन नंबर. नाणं कमी निघालं तर पकडायला बँक नाव लिहून घेते.

वाचायला नको होतं. चुरगाळून फेकायला किती वेळ लागतो?

बुध., १२ मार्च

मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, फोन कर त्या बाईला. मी म्हटलं, का म्हणून? तिने बँकेला दिली, बँकेने मला दिली, व्यवहार संपला. कायद्याने माझी आहेत. ती म्हणाली, "असतील. मग माझ्यावर का ओरडतोयस?"

मी ओरडत नव्हतो.

कोणीतरी म्हातारी असणार. नवरा गेला, मागे काय ठेवलं ते तिला कळलं नसणार. एक दिवस सुखाने मिरवायला मिळाला नाही मला! एक दिवस!

शुक्र., १४ मार्च

केला फोन. रोलबद्दल बोलायचंय म्हटलं. पलीकडून आवाज शांत. "उद्या या. कॉफी असेल."

शनि., १५ मार्च

पाऊण तास गाडी चालवली, सगळा वेळ स्वतःला शिव्या घालत.

बाई ऐंशीच्या. स्वयंपाकघर लख्ख. समोर कॉफी आणि लेफ्सा, बटाट्याची पातळ पोळी, ठेवली. मी नाण्यांचं पाकीट टेबलावर ठेवून पाठ केलेलं बोललो: ही चांदीची आहेत, तुम्ही चुकून भरलीत, यांची किंमत कितीतरी पट आहे.

त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "चुकून नाही भरली. मला माहीत होतं."

मग हळूहळू सांगितलं. नवरा आर्विड सिमेंटची गाडी चालवायचा. अकरा वर्षं दर शनिवारी याच टेबलावर रोल फोडायचा. अधूनमधून एखादं नाणं उचलून त्यांना दाखवायचा — बघ, पेटीत सापडलं! त्या हातातलं काम टाकून पाहायला यायच्या. गेल्या शरद ऋतूत तो गेला. मासेमारीचा डबा आवरताना तळाशी पावत्या निघाल्या. फार्गोच्या नाण्यांच्या दुकानाच्या. जवळपास सगळी नाणी विकत आणलेली.

मी विचारलं, राग आला असेल. त्या म्हणाल्या, आठवडाभर आला. मग अकरा रोल बांधले आणि आसपासच्या गावांत एकेका बँकेत भरून आल्या.

"त्याला काही सापडली नाहीत. म्हटलं, निदान कुणाला तरी खरोखर सापडू देत."

अकरा रोलांपैकी फोन फक्त माझा आला होता. मी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं, त्यांनी परत माझ्याकडे. म्हणाल्या, इथे ठेवलंत तर सोमवारी पुन्हा बँकेत नेऊन टाकीन, आणि या थंडीत मला बाहेर काढल्याचं पाप तुम्हाला लागेल.

कॉफी गार झाली होती, तीच प्यायलो. त्यांना वाटलं असेल, भला माणूस आहे.

रवि., १६ मार्च

मार्लिसला सांगितलं. आजवर तिला दाखवलेली सहाच्या सहा नाणी मीही दुकानातूनच आणली होती. या वहीतही 'सापडलं' असंच लिहीत आलो.

ती ताट पुसत होती. पुसून झालं, जागेवर ठेवलं, मग समोर येऊन बसली. म्हणाली, "म्हणजे दोन वर्षांत खरं काय सापडलं?"

म्हटलं, हा एकच रोल.

तिने चष्मा लावला. "मग दाखव की."