विहिरीवरचा दहावा

३ मार्च २०२५, सोमवार
सकाळी केळीला पाणी. राजेळीचा एक घड रात्रीत कलंडला, त्याला टेकू दिला.

गावाच्या फेसबुक पेजवर सूचना आलीय. जुने लाइव्ह व्हिडिओ महिनाअखेर उडणार, हवे असतील तर उतरवून घ्या. करोनात आमचं सांडोर गाव त्या पेजवरच जगलं. भाजी कोणाकडे, ऑक्सिमीटर कोणाकडे, कोण गेलं, कोण बरं होऊन आलं. पेज मी आणि बस्त्याव चालवायचो. बस्त्याव म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी. पोस्टातून रिटायर, त्यामुळे काहीच टाकून देववत नाही. म्हणाला, सगळं उतरवून वाचनालयाच्या साइटवर ठेवू. घरोघरी विचारून. घर नको म्हणालं तर पुसायचं, तंटा नको.
बरं म्हटलं.

५ मार्च
राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळ आजपासून. बस्त्याव कपाळावर राख घेऊन थेट लॅपटॉपपुढे. रिकाम्या बाकांसमोर फादर मिस्सा करतायत. अंत्यविधीला चार माणसं, खाली फुलांच्या चित्रांची रांग. एका मयताच्या खाली कोणीतरी विचारलंय, अळू आहे का. आणि मीच उत्तर दिलंय, आहे, सकाळी या. दोघं हसलो. मग ब.ने लॅपटॉप मिटला, त्याच्या बहिणीचा व्हिडिओ पुढचाच होता.
आमचा अजून उघडला नाही. यांचा दहावा.

७ मार्च
अरविंदचा फोन. धाकटा दीर, विरारला मनवेलपाड्यात असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत होता, म्हणून अजून अरेतुरे. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "वहिनी, भाऊच्या दहाव्याचा व्हिडिओ तेवढा काढून टाका."

कारण मला ठाऊक. पोरासाठी पैसे उभे करायचेत म्हणून त्याला त्याची अर्धी वाडी विकायचीय. वाटणी झालेली, पण विहीर त्याच्या अर्ध्यात. ती गेली की माझी अर्धी वाळली. बोअर मारावी तर इथे खारं पाणी.

आणि दहाव्याला तो बोलून बसलाय. तेव्हा सगळं बंद, म्हणून विधी आमच्या विहिरीवरच. कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, कोणीतरी बोला. अरविंद घरात क्वारंटाइन. फोनच्या स्पीकरवरून बोलला, "भाऊ, वहिनी आहेत तोवर वाडी विकणार नाही." लगेच कावळा शिवला. अख्खं गाव लाइव्ह बघत होतं. त्या एका शब्दावर वाडी उभी आहे, बाकी कागद ना पत्र.
असा व्हिडिओ मी बरी पुसेन. बघते म्हटलं.

१० मार्च
दुपारी बघितला. एकटीने. एवढ्या वर्षांत हिंमत झाली नव्हती.

ब.ने फोन केळीच्या खुंटाला टेकवून ठेवला होता, पिंडाकडे तोंड करून. माणसं दिसली की कावळा येत नाही म्हणून आम्ही लांब, खोपीशी, पाठ करून उभे. भुरभुर पाऊस. यांचा फोटो ओला होतोय, कोणाच्या लक्षात नाही.
आणि कावळा येतो. विहिरीच्या काठावरून उतरतो, भाताला चोच मारतो, जातो. कोणीच बघत नाहीये. त्याच्यानंतर गुरुजींचा आवाज, कोणीतरी बोला. मग अरविंद. मग कावळा परत येतो, तो आम्ही बघितलेला.

तीनदा मागेपुढे करून बघितलं. तसंच आहे. लाइव्ह बघणारे कसे बोलले नाहीत? तेव्हा चित्र सारखं अडकायचं, म्हणून असेल.

म्हणजे हे आधीच मोकळे झाले होते. कोणी काही कबूल न करता. खूप रडले, बरं वाटलं म्हणून. आणि डोळे पुसता पुसता मनात आलं, गेली वाडी. स्वतःचाच राग आला.

११ मार्च
ब.ला दाखवला. म्हणाला, "शब्द दिला तो दिला. कावळा आधी आला की मागून, त्याने काय होतं?"
म्हटलं, तुमच्यात कावळा नाही म्हणून सुचतं. अरविंदने शब्द दिला तो भाऊ अडकलाय समजून. अडकलाच नव्हता तर?
"मग सांगा त्याला."
चहा गाळायला उठले. ज्याने तो सुटेल तेच तो पुसायला सांगतोय. मी नुसतं हो म्हणायचं. सापही मेला, काठीही शाबूत, वर वहिनीने ऐकलं म्हणून माझं नाव. ब.ला हे बोलले नाही, पण त्याला कळलं असावं. साखर न घेता चहा प्यायला आणि गेला. उपवासकाळ आहे त्याचा.

१४ मार्च
धुळवड. धाकट्या जावेचा, नीताचा फोन. अरविंदचं काही खरं नाही म्हणाली. वाडी विकायचं निघाल्यापासून झोप नाही. जिन्यात पाय घसरला, तर म्हणतो भाऊने ढकललं. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि हा उठून आत गेला. आता तर डॉक्टरच्या गोळ्या सुरू.

मला वाटत होतं, खुशाल विकायला निघालाय. मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या.
ब. विचारतोय, तुमच्या घराचं काय ठरलं.

१६ मार्च, रविवार
अरविंद आला. न कळवता. वाळलाय. वाडीत शिरताना चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. पूर्वी कधी काढत नसे.

वालाची उसळ आवडते म्हणून केली. नीट जेवला नाही. म्हणाला, पुसला का? म्हटलं, आधी बघ, मग पुसू. नको नको म्हणत होता, तरी ओसरीवर लॅपटॉप लावला. शेजारी बसले.

यांचा फोटो दिसला मात्र, त्याने डोळे मिटून घेतले. कावळा आला. चोच मारली. गेला. मी त्याच्याकडे बघत होते. बोलावंसं वाटलं, तोंड उघडलं नाही. मग त्याचा स्वतःचा आवाज आला, तेव्हा डोळे उघडले. ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. दुसरा कावळा त्याने बघितला.

"पाहिलंत वहिनी? बोललो आणि आला. कसा विकू मी? आणि नाही विकलं तर पोराला तोंड कसं दाखवू?"

व्हिडिओ मी मागे नेऊन पहिल्या कावळ्याच्या जरा आधी थांबवलाय. चहा ठेवते सांगून आत आले. त्याला चहा दिला, आणि परत आत येऊन हे लिहितेय. तो ओसरीवर बसलाय, बशीत ओतून पितोय. चहा संपायच्या आत काय ते ठरवायला हवं.