खुर्ची फिरवल्यावर

ता. ११ मार्च, बुधवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा सुधारतोय. जिना चढताना कुरकुर करते, पण गुडघ्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. चौदा महिन्यांनी दादाला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं तू म्हणशील. फोन का नाही केला, असंही म्हणशील. ते पुढे येईल.

काल दातांचे डॉक्टर भेटले, आमच्या रविवारच्या रेकॉर्ड ऐकायच्या बैठकीतले. त्यांनी सांगितलं की तुझा नवरा महिनाअखेरीस दुकान बंद करून कुठल्याशा गोदामात नोकरीला लागतोय. अँप्लिफायर दुरुस्तीला कुणी येत नाही म्हणे. ऐकून वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, त्याच्या आधी मनात आलं की बघा, मी म्हणत होतोच. तीस वर्षं कारखान्यात माल तपासून नापास करण्याचा पगार घेतला. समोर आलेल्या वस्तूत खोट असणारच, असं धरूनच मी हात लावतो.

त्याची बाजू तू रोज ऐकत असशील. आता माझी ऐक.

तो प्रीअँप, म्हणजे तू ज्याला ‘मधला डबा’ म्हणायचीस, रेकॉर्डवरचा बारीक आवाज मोठ्या अँप्लिफायरपर्यंत पोचवणारा, तो मी आणि कारागिराने मिळून बांधला होता. (तुमच्या लग्नापासून मी तुझ्या नवऱ्याला कारागीर म्हणतो, कौतुकानेच.) त्या डब्याची एकच खोड होती. झाकणाला टिचकी मारली की स्पीकरमधून टणकन आवाज यायचा. आतले काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे, थरथरायचे आणि ती थरथर गाण्यात उतरायची. कारागीर म्हणाला, थरथर मारून टाकू. झाकणाला आतून डांबरी पट्ट्या, व्हॉल्व्हना रबराची कडी, बुडाला मऊ पाय. दोन दिवसांचं काम. मी डबा दिला.

द्यायच्या आधी, व्हॉल्व्ह बदलले तर कळावं म्हणून, त्यांच्या बुडाशी तुझ्या वहिनीच्या नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवले. हे तुला आजच कळतंय. तसे जुळवलेले जुने व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. बहिणीचा नवरा झाला म्हणून काय झालं, मोह कुणालाही होतो.

डबा आला आठ दिवसांनी. दोनाचे आठ का झाले? एका स्क्रूच्या डोक्यावर नवी चकाकी होती. उजव्या कोपऱ्यातली पट्टी बाकीच्यांपेक्षा बोटभर आखूड होती. आणि चहा पिताना हा माझ्याशेजारी खाली मान घालून बसलेला, नजर म्हणून देईना. टिचकी मारली तर नुसतं थप्प. ते काम चोख होतं, नाकारत नाही. पण रेकॉर्ड लावली आणि उजवीकडच्या व्हायोलिनची धार गेलेली. कुणी वरून चादर टाकावी तसं वाजत होतं.

ठिपके जागेवर होते. मी म्हणालो, ठिपकेही त्यानेच नव्याने दिले असणार, नेलपॉलिश काय कुठेही मिळतं. त्यावर तुझी वहिनी म्हणाली, “मग मीही तीच आहे का, ते बघून घ्या एकदा.”

शनिवारी डबा आला आणि रविवारी मी बैठकीत सांगून टाकलं की कारागिराने उजवीकडचा व्हॉल्व्ह बदललाय. मंडळींनी मान डोलावली. मी ‘चालेल’ म्हटल्याशिवाय त्यांतलं कुणी साधी तारसुद्धा विकत घेत नाही. पुढे त्या आठवड्यात मी तारा अदलाबदल करून पाहिल्या, स्पीकर अदलाबदल करून पाहिले. तपासायचं ते सगळं तपासलं. त्याच्या दुकानात जाऊ नका, असं मी कुणालाही म्हटलेलं नाही. कुणी विचारलं तर गप्प बसायचो, इतकंच.

मग तू आलीस. जेवायला माझ्या उजव्या हाताला बसलीस आणि हळूच काहीतरी विचारलंस. मी ताटातच बघत राहिलो. तू उठून गेलीस ती गेलीसच.

ता. १३, शुक्रवार

इथवर लिहून दोन दिवस बाजूला ठेवलं. आज वाचलं आणि माझं मीच ते नापास केलं. तारा बदलल्या, स्पीकर बदलले, असं वर लिहिलंय. काय निघालं ते लिहिलेलं नाही.

डब्यातून निघणाऱ्या तारा उलट लावल्या की डब्यातला दोष डावीकडे जायला हवा. तो गेला नाही. म्हणजे डबा ठीक. स्पीकर इकडचे तिकडे केले, तरी चादर उजवीकडेच. म्हणजे स्पीकरही ठीक. मग खोलीत उरला मोठा अँप्लिफायर, मी आणि माझी खुर्ची. सगळं पहिल्यासारखं जोडलं, खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसलो. तेच व्हायोलिन आता डाव्या कानाशी आलं आणि लख्ख वाजलं, धारेसकट. दोष माझ्याबरोबर फिरला होता.

हे मला त्याच आठवड्यात बुधवारी कळलं. रविवारी त्याला चोर ठरवलं होतं, मध्ये दोन दिवस गेले होते. एका फोनचं काम होतं. धाकटे, मी तो फोन चौदा महिने केला नाही. चष्म्याचं निमित्त सांगून कानाच्या डॉक्टरांकडे मात्र जाऊन आलो. उजवा कान निम्म्याहून जास्त गेलाय आणि परत यायचा नाही. बैठकीत हे कळलं असतं तर माझ्या ‘चालेल’ला कुणी विचारलं असतं? मला माझ्या कानाची लाज वाटली आणि ती झाकायला मी तुझ्या नवऱ्याची अब्रू वापरली.

काल डबा उघडून पाहिला. आखूड पट्टीच्या पुढे झाकणाची हवेची भोकं आहेत. तिथला व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून भोकं मोकळी ठेवायला त्याने पट्टी कापली होती, ब्लेडने, सरळ रेघेत. तीस वर्षं माल तपासला आणि मला भोकं दिसली नाहीत, कारण मी पट्टीत चोरी शोधत होतो. चहा पिताना बहुतेक तो हेच सांगत असेल. तोही माझ्या उजव्या हातालाच बसला होता.

त्या दिवशी तू काय विचारलंस, ते मला ऐकू आलं नाही. अजूनही माहीत नाही. ऐकू आलं असतं तरी मी बहुधा टाळलंच असतं, तेही लिहून ठेवतो.

पत्र वहिनीबरोबर पाठवतोय. माझ्या कानाचं तिला काही माहीत नाही. पाकीट चिकटवलेलं नाही, कारण ती वाटेत वाचणार याची मला खात्री आहे. तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून तशी सोय केलीय.

परवा बैठक माझ्याकडे आहे, संध्याकाळी पाच वाजता. सगळे बसले की मी तारा बदलीन, स्पीकर बदलीन आणि शेवटी सगळ्यांदेखत ती खुर्ची फिरवीन. काय निघालं ते या वेळी मोठ्याने सांगीन. कारागीर आला नाही तरी सांगणार आहे. त्याने यावंच, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण दुकानाला कुलूप लावायच्या आधी एवढं हे पत्र त्याला वाचायला दे.

तू मात्र ये. तेव्हा विचारलं होतंस ते पुन्हा विचार. माझ्या डाव्या हाताची खुर्ची तुझ्यासाठी मोकळी ठेवतो.

तुझा,
दादा