तुरटीपुढे काही टिकत नाही

३ फेब्रुवारी १९६६, सातपाटी
परभणीहून इथं येऊन महिना झाला. गावच्या विहिरीवरचा नवा फिल्टर माझ्या ताब्यात. तुरटी, वाळू, ब्लीचिंग पावडर. या तिघांपुढे कसलीही घाण टिकत नाही. ट्रेनिंगमध्ये मी पहिला होतो. (दुसरा. पण पहिला वशिल्याचा होता.) शेजारी बोंबील सुकतात, त्यांच्या माश्या विहिरीच्या ओट्यावर. पालघरचे साहेब तपासणीला येणार. माश्या दिसल्या तर माझं कायम होणं लांबलं. संकल्प: माश्यांचा नायनाट.

५ फेब्रुवारी
ओट्यावर आणि कठड्यावर किडे मारायची गॅमेक्सिन पावडर पसरली. चांगली जाड. माश्या गायब! बोंबीलवाली गोदूबाई, आमची शेजारीण, ओरडली की आमी ही पावडर मासळीला लावीत नाय, तुमी पान्याला लावता? मनात म्हटलं, मासळीला फिल्टर नसतो.

८ फेब्रुवारी
बायकांनी ओटा धुतला, पाणी विहिरीत उतरलं. उग्र वास. घाबरण्याचं कारण नाही. तुरटी दुप्पट केली. संध्याकाळी फिल्टरच्या हौदाचा तळ स्वच्छ दिसला. विहिरीतले मासे उलटे तरंगत होते. वयस्कर असावेत.

१० फेब्रुवारी
कुणी पाणी भरायला येईना. गावाला उदाहरण घालून दिलं पाहिजे. आजपासून घरात फक्त फिल्टरचं पाणी. बायकोला, पुष्पलतेला, सातवा महिना, नर्सबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. ती म्हणाली, वास येतो. मी म्हटलं, मनाचे खेळ. ती प्याली. गोदूबाईनं तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी देऊ केलं. साफ नाही म्हटलं. मासळीच्या हातचं पाणी आमच्या घशाखाली उतरत नाही.

११ फेब्रुवारी, दुपार
पुष्पलतेला दोन उलट्या. सातव्यातही होतात म्हणे. कोण म्हणालं ते आठवत नाही. मलाही मळमळतंय, पण ते कालचं वांगं. वाळू बदलली.

१४ फेब्रुवारी
जिंकलो! घरच्या हंड्यातलं पाणी प्यालो, वासाचा मागमूस नाही. उलट गोड. म्हणजे ब्लीचिंगचा जादा डोस लागू पडला. पुष्पलतेच्या उलट्याही थांबल्या. गोदूबाईला ऐकू जाईल अशा आवाजात हे सगळं बोललो. ती नुसती हसली. हार मानायची यांची हीच पद्धत असेल.

१९ फेब्रुवारी
दोष दूर झाल्याचं साहेबांना कळवलं. विहिरीवर अजून कुणी फिरकत नाही. पण त्यामुळं ओटा फार स्वच्छ राहतो.

२३ फेब्रुवारी
साहेब आले. आधी घरी पाणी दिलं. तांब्या रिकामा करून वा म्हणाले. मग फिल्टरवर गेलो. नळाचा पेला त्यांनी नाकाशी नेला आणि खाली ठेवला. गॅमेक्सिन कुठं टाकलंत, विचारलं. मी तुरटी, वाळू, ब्लीचिंग म्हणून दाखवलं. ते म्हणाले, अहो, त्यानं गढूळपणा जातो, जंतू मरतात. हे औषध पाण्यातून जात नाही. फिल्टरला कुलूप लावलं. कायम होण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

परत घरी येऊन साहेबांनी विचारलं, मग घरचं पाणी कुठलं? इथलंच, मी छातीठोक सांगितलं. पुष्पलतेनं खाली मान घालून सांगितलं की दहा-बारा दिवस गोदूबाईच्या विहिरीचं आणते. पोटातलं हलायचं कमी झालं होतं, म्हणून घाबरले. आता हलतंय.

मला हलायचं कमी झाल्याचं माहीत नव्हतं. रडू यायला हवं होतं, किंवा राग. काहीच आलं नाही. जेवलो.

२४ फेब्रुवारी, सकाळ
कुलपाआधी भरून ठेवलेलं फिल्टरचं पाणी तांब्यात होतं. निवळशंख. वाया कशाला, म्हणून तुळशीला घालायला गेलो. घातलं नाही. तेवढ्यात गोदूबाई डोक्यावर हंडा घेऊन दारात. तिनं मला विचारलं, सायेब, आज एक हंडा देऊ का दोन?

दोन म्हटलं.