चाळीस पोरांचा बाप

१२ मे १९७८

प्रिय इर्मा,

तुझं पत्र मिळालं. समुद्रपक्ष्यांना पाव घालतेस म्हणून इमारतीचा रखवालदार तुझ्यावर डाफरला, हे वाचून पोट धरून हसलो आणि मग तेवढाच खोकलो. फोनवर दोन वाक्यांत धाप लागते, म्हणून हे पत्र. तुझ्याकडची लिफ्ट दुरुस्त झाली का? खिडकीतून अजून समुद्र दिसतो ना? सहज विचारतोय.

इस्पितळातून सुटून मला पंधरा दिवस झाले. न्यूमोनिया नव्हताच! तीन हिवाळे गावचे डॉक्टर त्याच्याच गोळ्या देत होते. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. इस्पितळात मात्र आठवडाभर नुसता पडून राहिलो आणि टुणटुणीत झालो. तिथली तरुण डॉक्टरीण बुचकळ्यात पडली.

"थुंकीत जंतू नाहीत. इथे बरे, घरी गेलात की आजारी. घरी आहे तरी कोण?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"कुत्रं, मांजर? एखादं जनावर?"

"छे!"

खोटं नव्हतं गं. आपल्या घरात कबुतरांना कधी कोणी जनावर म्हटलंय?

तिथेच रविवारी रेडिओवर सांगितलं, फ्रान्समधल्या आरासहून शर्यतीची कबुतरं सोडली. मी उठून खिडकीशी उभा राहिलो, मान वर करून. मागून डॉक्टरीणबाई आल्या.

"कुणाची वाट बघताय, आजोबा?"

"पोरांची."

"अहो, एकटा म्हणालात ना! किती मुलं तुम्हाला?"

"चाळीस."

बाई हसल्या, मग रेडिओकडे आणि आभाळाकडे बघून खाटेवर मटकन बसल्या. "कबुतरं! हे आधी सांगायला काय झालं होतं?" लगेच रक्त तपासलं, त्यात सापडलं. पिसांची आणि विष्ठेची धूळ माझ्या फुप्फुसांना सोसत नाही. म्हणूनच छपरावरची कबुतरांची ढाबळ झाडली की संध्याकाळी ताप. आत्ता थांबलो तर फुप्फुसं बरीचशी सावरतील. नाहीतर चामड्यासारखी कडक होत जातील.

"आणि कबुतरं?" मी विचारलं.

"देऊन टाका की!"

बाई शहरातल्या, त्यांना काय कळणार? तरी गावातल्या कामीलला, मी इस्पितळात असताना त्यानेच ढाबळ सांभाळली होती, तीन देऊन पाहिली. त्याने आठवडाभर कोंडून लाडाने चारलं. दार उघडताच तिघंही माझ्या छपरावर हजर. मागोमाग सायकल दामटत कामील आला, घामाघूम. म्हणाला, "ओमेर, पोरं तुझ्यावर गेलीत. हट्टी मेली!"

सध्या कुरकुरत तोच येऊन दाणापाणी करतो. मी स्वयंपाकघरात खिडक्या लावून वरचं घुमणं ऐकत बसतो. रडू येतं, इर्मा. असं किती दिवस चालणार? कुणालाच नको असलेल्या म्हाताऱ्या कबुतरांचं आपल्याकडे काय करतात, ते तुला ठाऊक आहे. माझ्या हातून ते होणार नाही.

लिफ्टचं मी सहज विचारलं नव्हतं. पाखरं घर बदलत नाहीत, पण माणसांना बदलता येतं. तू इकडे राहायला ये, मी तुझ्या फ्लॅटवर जातो. समुद्राचा वारा खाईन आणि रखवालदाराशी तुझ्या वतीने भांडेन. लहानपणी तू ढाबळीवर चढलीस की 'हे मुलींचं काम नाही' म्हणत बाबा तुला कान धरून खाली आणायचे. आता कोण आणतंय?

तुझ्या छातीचंही बाईंना विचारलं. हा त्रास सगळ्यांना होत नाही म्हणाल्या. पण तोंडाला मास्क बांधूनच झाडायचं आणि खोकला आला तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. जमणार नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण जमव गं.

पुढच्या रविवारी शर्यत आहे. पाखरं दुपारी येतील, तू सकाळच्या गाडीने ये. यंदा पहिल्यांदाच मी आभाळाकडे पाठ करून रस्त्याकडे डोळे लावून बसणार आहे. येताना फ्लॅटची किल्ली आण.

तुझा भाऊ ओमेर
आणि छपरावरची तुझी चाळीस भाचरं